उपाशीपोटी

मंगळवार, रात्रीचे साडेदहा

आज काकूंना चक्कर आली. चूक सरळ माझी. सकाळी दवाखान्यात येताना गणपतीच्या देवळाबाहेर दुर्वांच्या जुड्या घेऊन उभी असलेली रांग मी पाहिली होती, म्हणजे अंगारकी आहे हे मला ठाऊक होतं. तरी विचारलं नाही.

काकूंचा गुडघा, उजवा. दोन महिने ॲक्युपंक्चरसाठी येताहेत. "आडवी नको गं करूस, पाठ धरते," म्हणाल्या, म्हणून खुर्चीवरच बसवलं. ही दुसरी चूक. गुडघ्याच्या वाटीखाली दोन्ही खळग्यांत एकेक सुई, मग खाली नडगीजवळच्या झू-सान-ली बिंदूवर. चौथी लावत होते आणि काकू बोलायच्या थांबल्या. काकू बोलायच्या थांबल्या की काहीतरी बिनसलंय हे दांडिया बाजारातलं लहान पोरही सांगेल. ओठ पांढरे, कपाळावर घाम, हात गार. सगळ्या सुया काढल्या, जमिनीवर सतरंजीवर आडवं केलं, पायाखाली दोन उशा, आणि नाक अन् वरच्या ओठाच्या मधल्या पन्हाळीत अंगठ्याचं नख दाबलं. पाचेक मिनिटांत डोळे उघडले.

"सकाळपासून काय खाल्लंत?"

"चहा घेतला की. अंगारकी ना आज."

बिस्किट पुढे केलं तर मान फिरवली. साखरेचं कोमट पाणी मात्र घेतलं. वर मलाच विचारतात, "साखर चालते ना गं उपासाला?"

मुंबईत शिकत होते तेव्हा सरांचा पहिला धडा बिंदूंचा नव्हता, जेवणाचा होता. पेशंट जेवलाय का, झोपलाय का, घाबरलाय का, धावत आलाय का. पहिल्या खेपेला शक्यतो आडवं करूनच सुई लावायची. मी वहीत लिहून घेतलं आणि मनात म्हटलं, हे काय सांगण्यासारखं आहे? फिजिओथेरपीची सहा वर्षं प्रॅक्टिस झाली होती, माज होता थोडा. शनिवार-रविवारचा वर्ग, शुक्रवारी रात्रीच्या गाडीने निघायचं, सोमवारी सकाळी परत बडोद्याला आठच्या पेशंटसमोर उभं राहायचं. दीड वर्ष असं चाललं. बाबा म्हणायचे, "घरात वैद्य होऊन गेले, आणि ही चिन्यांकडे निघाली."

पहिले दोन महिने माणसाला हात लावू दिला नाही. आधी कापसाची घट्ट बांधलेली गादी, मग साबणाची वडी, मग संत्रं. केसाहून जाड, पाव मिलिमीटरची सुई सरळ आत जायला हवी, वाकता कामा नये. मग स्वतःची पोटरी. मग शेजारच्या बाकावरच्या मुलीची. तिच्या हातात पहिल्यांदा माझी सुई अडकली. स्नायू आवळला की तो सुई धरून ठेवतो, फिरत नाही, निघत नाही. मी घाबरून ओढली. ती किंचाळली. सरांनी माझा हात बाजूला केला, दोन बोटांनी सुईच्या आजूबाजूला हलके थापट्या मारत राहिले आणि तिला तिच्या गावाबद्दल विचारू लागले. मिनिटभरात सुई आपोआप सैल. अजूनही सुई अडकली की मी पेशंटला गावाबद्दलच विचारते. इथे बहुतेकांना पादरा नाहीतर डभोई सांगायला आवडतं.

मापाचीही तीच गत. झू-सान-ली गुडघ्याच्या खळग्यापासून तीन 'छुन' खाली, नडगीच्या धारेच्या बाहेर बोटभर. आता छुन म्हणजे किती? पेशंटच्या स्वतःच्या अंगठ्याची रुंदी. चार बोटं जुळवली की तीन छुन. माझी बोटं नाहीत, त्याची. हे ऐकल्यावर बाबा पहिल्यांदा वर्तमानपत्रातून डोकं काढून बोलले, "मग आपल्या आयुर्वेदातलं स्वांगुल प्रमाण वेगळं काय सांगतं?" त्या दिवसापासून त्यांचा विरोध निम्मा झाला.

नाडी मात्र मला येईना. तीन बोटं, प्रत्येक मनगटावर तीन जागा, वर दाबून वेगळी, खोल दाबून वेगळी. २०१४ मध्ये चीनमध्ये नानजिंगला तीन महिने गेले तेव्हाही येईना. बीजिंग, शांघाय आणि नानजिंग इथे १९७५ पासून परदेशी डॉक्टरांना हे शिकवतात, त्यामुळे माझ्यासारखे ठोंबे त्यांनी भरपूर पाहिले असावेत. तिथल्या बाई एका पेशंटचं मनगट माझ्या हातात देऊन म्हणाल्या, ही 'श्येन' नाडी, वाद्याच्या ताणलेल्या तारेसारखी. आणि मला एकदम सूरसागरासमोरचं आमचं संगीत महाविद्यालय आठवलं. दोन वर्षं तिथे तानपुरा छेडला होता, गळा नव्हता म्हणून सोडलं. पण जवारीची तार बोटाखाली कशी लागते ते बोटाला ठाऊक होतं. ती एक नाडी मला तेव्हापासून कळते. बाकीच्या सत्तावीस नाड्यांपैकी प्रामाणिकपणे सांगायचं तर सात-आठ.

लोक विचारतात तेव्हा मी 'ची' नावाची ऊर्जा वाहते वगैरे फार बोलत नाही. मला ती दिसलेली नाही. सुई नेमकी लागली की पेशंटला जड, ठणकल्यासारखं, भरून आल्यासारखं वाटतं आणि माझ्या बोटांना मासा गळाला लागावा तसं हलकं ओढल्यासारखं जाणवतं. याला ते 'द-ची' म्हणतात, आणि हे मी रोज अनुभवते. कंबरदुखीच्या मोठ्या चाचण्यांत भलत्याच जागी, वरवर टोचलेल्या सुयांनीही जवळपास तेवढाच आराम पडला, हेही मी वाचलंय. ते वाचून दोन रात्री झोप नव्हती. मळमळीसाठी मनगटावरच्या नेइ-ग्वान बिंदूचा पुरावा त्यातल्या त्यात बरा आहे. केमो चालू असलेल्या एका बेनना तिथे नुसतं दाबायला शिकवलं, सुई नाही, कारण त्यांच्या पांढऱ्या पेशी खाली होत्या. अशा वेळी टोचायचं नाही, हे कळणं मला सगळ्या बिंदूंपेक्षा महाग पडलं आहे. ती गोष्ट आज लिहीत नाही.

मराठी पेशंट आला की हमखास ऐकायला मिळतं, "कोटणीसांनी आणलं ना हे?" नाही हो. सोलापूरचे द्वारकानाथ कोटणीस शल्यविशारद होते. १९३८ मध्ये चीनला गेलेल्या पाच भारतीय डॉक्टरांपैकी ते एक (नागपूरचे चोळकरही होते, त्यांना कुणी आठवत नाही), आणि ९ डिसेंबर १९४२ ला ते तिथेच गेले. सुई इकडे आणली ती त्याच पथकातल्या विजयकुमार बसूंनी. पन्नाशीच्या दशकाच्या अखेरीस ते पुन्हा चीनला जाऊन शिकून आले आणि कलकत्त्यात सुरुवात केली. मी हे इतक्यांदा सांगितलंय की आमची रिसेप्शनिस्ट आता गुजरातीत सांगते.

संध्याकाळी दारावर पाटी लावली, मराठीत आणि गुजरातीत: जेवून या. खाली रिसेप्शनिस्टने स्वतःहून 'उपवास होय तो केहजो' असं जोडलं. २०१९ मध्ये केंद्र सरकारने या पद्धतीला स्वतंत्र मान्यता दिली तेव्हा मी प्रमाणपत्रं फ्रेम करून भिंतीवर लावली होती. ही पाटी त्यांच्याआधी लावायला हवी होती.

आत्ताच काकूंचा फोन येऊन गेला. गच्चीवर चढल्या होत्या, तोच गुडघा घेऊन.

"चंद्र दिसला गं. मोदक झाले. उद्या येऊ?"

"परवा या. आणि झोपून घ्याल तरच."

"पाठ धरते गं."

"मग गुडघ्याखाली उशी देते."

थोडा वेळ काही बोलल्या नाहीत. मग म्हणाल्या, "दोन मोदक पाठवते बाळाबरोबर. तूही सकाळपासून जेवली नसशील."

जेवले नव्हते.