चिमीचं वजन आणि गिरणीतला काटा

चिमी घरी आली तेव्हा बुटाच्या खोक्यात मावत होती. चिमणीएवढी, म्हणून चिमी. सहा वर्षांनी तीच चिमी डॉक्टरांच्या काट्यावर उभी राहिली आणि आकडा आला ३८.४ किलो. लॅब्रॉडॉर असली तरी मादीला हे फारच झालं.

गेलो होतो खरं तर कान दाखवायला. डॉक्टरांनी कानात थेंब घातले आणि मग तिच्या बरगड्यांवरून हात फिरवत बसले. मला म्हणाले, "तुमचा हात पालथा धरा. बोटांच्या मागं हाडांवरून दुसरा हात फिरवा. एवढ्या बरगड्या हाताला लागायला हव्यात. आता तोच हात उताणा करून तळव्यावरून फिरवा. चिमी यातली कशी लागते?" चिमी तळव्यासारखी लागत होती, तीही चांगल्या गुबगुबीत तळव्यासारखी. शरीरयष्टीला ९ पैकी गुण देतात, ४-५ म्हणजे उत्तम. परीक्षेत इतके कधी मिळाले नसतील असे ८ गुण चिमीला मिळाले. तिचं वजन २९च्या आसपास हवं, असं डॉक्टरांनी फाइलवर लिहिलं.

आधी रक्त तपासलं. थायरॉइड मंदावलं असेल तर नुसतं खाणं बदलून भागत नाही, औषध लागतं. रिपोर्ट साफ आला आणि, खोटं कशाला सांगू, मी जरा हिरमुसलेच. रोज एक गोळी देणं किती सोपं गेलं असतं! कारण साधंच होतं. गर्भाशयाचं ऑपरेशन झाल्यावर कुत्रीला कमी खाणं पुरतं. आम्ही मात्र ऑपरेशन झालं म्हणून बिचारीला दोन घास जास्तच घालत आलो होतो.

घरी आल्यावर पहिलं काम केलं ते तिच्या मापट्याचं. तिचं कोरडं खाणं आम्ही श्रीखंडाच्या रिकाम्या डब्यानं मोजायचो, सकाळी एक, रात्री एक. स्वयंपाकघरातल्या छोट्या काट्यावर डबा सपाट भरून ठेवला तर १६५ ग्रॅम. मग बाबांना म्हटलं, "रोज भरता तसा भरा." बाबांनी शीग लावून भरला. २०५ ग्रॅम. म्हणजे दिवसाला ४१० ग्रॅम, आणि ही नुसती सुरुवात. दोन पोळ्या तुपाचं बोट लावून, चारच्या चहाबरोबर बिस्किटं, रविवारी मटणातलं काहीबाही.

आता कॅलरी काढायच्या तर पोत्यावर कुठंच लिहिलेल्या नव्हत्या. प्रथिनं, स्निग्धांश, तंतू, ओलावा, राख यांचे टक्के तेवढे होते. डॉक्टरांनी हिशेब शिकवला. हे सगळे टक्के शंभरातून वजा केले की उरतं ते पिष्ट. प्रथिनं आणि पिष्ट यांना ग्रॅममागं साडेतीन कॅलरी, स्निग्धांशाला साडेआठ. आमच्या पोत्यावर प्रथिनं २४, स्निग्धांश १६, तंतू ३, ओलावा १०, राख ८. पिष्ट उरलं ३९. बेरीज केली तर शंभर ग्रॅमला ३५६ कॅलरी. नुसत्या डब्यातूनच रोज साडेचौदाशेच्या वर जात होत्या. पोळ्या-बिस्किटं धरून एकोणीसशेच्या घरात.

आणि तिला हव्यात किती? त्याचंही सूत्र आहे: जे वजन व्हायला हवं त्याचा पाऊण घात, गुणिले ७०. मोबाइलवर २९चा घात ०.७५ काढला, साडेबारा आला, सत्तरनं गुणलं, ८७५. मी आकडा तीनदा तपासला. आम्ही बाईला दुपटीहून जास्त खिलवत होतो.

मग सुरू झाला खाणं निवडायचा खटाटोप. यात माझा महिना गेला, आणि पहिल्या दोन चुका मी अगदी आत्मविश्वासानं केल्या.

पहिली चूक, 'लाइट' लिहिलेलं पोतं. ऑनलाइन मागवलं, वर सडपातळ कुत्र्याचं चित्र. आल्यावर मागचे टक्के बघून हिशेब केला तर शंभर ग्रॅमला ३२३ कॅलरी. म्हणजे जुन्यापेक्षा जेमतेम दहा टक्के कमी! अमेरिकेत कोरड्या खाण्यावर 'लाइट' लिहायचं तर किलोला ३१०० कॅलरींच्या वर जाता येत नाही, असा तिथला दंडक आहे. हे पोतं त्यातसुद्धा बसत नव्हतं. चित्र मात्र छान होतं.

दुसरी चूक, जुनंच खाणं निम्मं करायचं. फुकटातला उपाय. पाच दिवस चिमी रिकाम्या ताटलीपाशी बसून राहायची, ताटली नाकानं ढकलत स्वयंपाकघरापर्यंत आणायची. सहाव्या दिवशी तिनं कचऱ्याचा डबा पालथा घातला आणि मक्याचं कणीस गिळलं की नाही या शंकेत आम्ही अख्खी रात्र जागून काढली. (नव्हतं गिळलं. सोफ्याखाली सापडलं.) डॉक्टर वैतागले. खाणं निम्मं केलं की कॅलरीच निम्म्या होत नाहीत, प्रथिनं, जीवनसत्त्वं, क्षारही निम्मे होतात. चरबीऐवजी स्नायू झडतात आणि भूक तर जात नाहीच.

तिसरा प्रस्ताव बाबांचा. "घरचं घालूया की. चिकन, दुधी, थोडा भात. पोत्यातलं काय खायाचं!" मलाही हे पटत होतं. पण घरचं खाणं कुत्र्याला पुरेसं करायचं म्हणजे कॅल्शियमपासून जस्तापर्यंत सगळं मोजून घालावं लागतं, आणि ते ज्याला येतं त्याच्याकडून लिहून घ्यावं लागतं. शिवाय आमच्या घरात 'थोडा भात' म्हणजे किती, हे मला शीग लावलेल्या डब्यावरून कळलं होतं.

शेवटी डॉक्टर पहिल्या दिवसापासून सांगत होते तेच घेतलं, वजन उतरवण्यासाठीचं, चिठ्ठीवर मिळणारं खाणं. मी टाळत होते ते किमतीमुळं. आमच्या नेहमीच्या पोत्याच्या दुप्पट. पण टक्के बघितले तेव्हा फरक कळला. प्रथिनं ३०, स्निग्धांश ९ आणि तंतू तब्बल १५. शंभर ग्रॅमला २८६ कॅलरी. म्हणजे कॅलरी कमी, प्रथिनं जास्त आणि तंतूंमुळं पोट भरल्यासारखं राहतं. पैशांचाही हिशेब मांडला. ८७५ पैकी दहा टक्के वरच्या खाऊसाठी राखून ठेवले की दिवसाला २७५ ग्रॅम बसतं. बारा किलोचं जुनं पोतं २९ दिवसांत संपायचं, हे ४३ दिवस पुरतं. किंमत दुप्पट असली तरी रोजचा खर्च दीडपटही होत नव्हता. पोळ्या-बिस्किटांचे वाचले ते वेगळेच.

एकदम बदललं तर पोट बिघडतं म्हणून आठवडाभर जुन्यात नवं मिसळत नेलं. एक इशारा देऊन ठेवते, तंतू जास्त म्हणजे शीही जास्त. रंकाळ्यावर फिरायला जाताना एक पिशवी पुरायची, आता तीन न्याव्या लागतात.

राहिले बाबा. निवृत्त झाल्यापासून चारचा चहा ते आणि चिमी असा दोघांचाच. एक बिस्कीट बाबांचं, एक तिचं, बाबांच्या डॉक्टरांनी साखर वाढलीय म्हणून सांगितल्यापासून दोन्ही तिची, असं ते म्हणायचे. एका बिस्किटाच्या पंचवीसेक कॅलरी, तिच्या अख्ख्या दिवसाच्या खाऊला ८८. मी हे सांगितलं तर म्हणाले, "मुक्या जनावराला उपाशी मारतीस काय? लॅबची जातच खादाड."

यावर माझ्याकडं उत्तर नव्हतं, डॉक्टरांकडं होतं. बाबांनाच घेऊन गेले. डॉक्टर म्हणाले, "काका, बरोबर आहे तुमचं." केंब्रिज विद्यापीठातल्या संशोधकांनी २०१६ साली दाखवलंय की साधारण चारातल्या एका लॅब्रॉडॉरमध्ये भुकेशी निगडित एका जनुकाचा तुकडाच नसतो. पोट भरल्याचा निरोप नीट पोचत नाही, म्हणून ती मागतच राहतात. "म्हणजे तिनं मागितलं यावरून तिला भूक आहे असं धरू नका." मग दुसरी गोष्ट सांगितली. अमेरिकेत ४८ लॅब्रॉडॉर पिल्लांच्या जोड्या लावून जन्मभर अभ्यास केला होता. जोडीतल्या एकाला दुसऱ्यापेक्षा पाव हिस्सा कमी खाणं. कमी खाणारी कुत्री जवळजवळ दोन वर्षं जास्त जगली.

बाबा परतताना रिक्षात काही बोलले नाहीत. घरी आल्यावर विचारलं, "काकडी चालते?"

काकडी चालते. गाजर, उकडलेली फरसबी, दुधीसुद्धा. कांदा-लसूण नाही, म्हणजे रस्सा गेला, रस्स्यात बुडवलेली भाकरी गेली. सांगलीची मावशी दर वर्षी बेदाणे पाठवते, ते फडताळाच्या वरच्या खणात गेले, कारण द्राक्षं आणि बेदाणे कुत्र्याच्या मूत्रपिंडांना घातक, वजनाचा प्रश्न तर नंतरचा. श्रीखंडाचा डबा मी फेकून दिला. रोज रात्री दुसऱ्या दिवसाचं २७५ ग्रॅम मोजून एका झाकणाच्या डब्यात ठेवते. ज्याला घालायचं त्यानं त्यातूनच घालायचं, बाबांना लाड करायचे असतील तर त्यातलेच चार दाणे. डबा संपला की दिवस संपला.

वजन करायला दर आठवड्याला दवाखान्यात कोण जाणार? आमच्या गल्लीच्या तोंडाला गिरणी आहे, तिथं धान्याची पोती ठेवायचा जमिनीवरचा काटा आहे. दर रविवारी सकाळी गर्दी व्हायच्या आत चिमीला तिथं बसवते. गिरणीवाले दादा दळणाच्या वहीतच मागच्या पानावर आकडा लिहितात. पहिल्या चार आठवड्यांत ३६.९. आठवड्याला वजनाच्या एक टक्का, हवं होतं तसंच. दोन टक्क्यांच्या वर जाऊ द्यायचं नाही, असं डॉक्टरांनी बजावलं होतं.

मग काटा ३५.२वर येऊन अडला. एक रविवार, दोन, तीन. मी बाबांच्या खिशात बिस्किटांचा चुरा शोधला. शेजारच्या काकूंना विचारलं, वॉचमनला विचारलं. सगळे नाही म्हणाले आणि माझा कुणावरच विश्वास बसेना. शेवटी डॉक्टरांनी सांगितलं, "तोंडात दिवसभरात जे जे जातं ते सगळं लिहून आणा, औषधासकट." लिहिताना माझाच हात थांबला. रात्री झोपताना दातांसाठी म्हणून मी तिला एक चघळायची कांडी देत होते. ते खाणं आहे हे माझ्या डोक्यातच आलं नव्हतं. मोठ्या कुत्र्याची एक कांडी नव्वदेक कॅलरींची, म्हणजे बाबांच्या साडेतीन बिस्किटांची.

हे बाबांना सांगायला मला दोन दिवस लागले. ते फक्त "अस्सं" म्हणाले, पण ते 'अस्सं' अजून रोज चारला ऐकायला मिळतं.

कांडी बंद केली, दातांना ब्रश सुरू केला आणि डॉक्टरांनी रोजचं खाणं २५० ग्रॅमवर आणलं. काटा पुन्हा हलला, सावकाश. गणपतीत पाहुण्यांनी भरवलेल्या मोदकांनी दोन आठवडे खाल्ले, ते सोडा. आठ महिने झाले, गेल्या रविवारी ३१.६. दादा वही दाखवत म्हणाले, "ताई, लई उतरली की ओ! पायलीभर दळण कमी झालं बघा." जिन्याच्या दुसऱ्या मजल्यावर ती पूर्वी बसकण मारायची, आता माझ्या आधी दारात पोचते. बरगड्या अजून पालथ्या हातासारख्या लागत नाहीत, पण शोधल्या तर सापडतात.

परवा चहाला काकडीच्या चकत्या करता करता बाबांनी विचारलं, "२९ झाली की बिस्कीट सुरू करायचं का?"

मी म्हटलं, "अर्धं."

"तिचं काय विचारत नाहीये मी," बाबा म्हणाले.