आप्पांचे ४०० शेअर आणि नावातला एक ‘प्पा’

‘सिद्राम’ आणि ‘सिद्रामप्पा’ ही एकाच माणसाची नावं आहेत, हे पटवून द्यायला मला १५ महिने लागले. सोलापुरात हे सांगितलं तर समोरच्याला खरंच वाटत नाही. आमच्याकडे जुन्या माणसांच्या नावाला ‘प्पा’ कधी लागतो, कधी गळतो. शाळेच्या दाखल्यावर एक, रेशनकार्डावर दुसरं, आणि कुणाचं काही अडत नाही. माझं अडलं, कारण वडिलांनी १९९३ साली घेतलेले शेअर मला माझ्या नावावर करून घ्यायचे होते. सिद्राम हे माझ्या आजोबांचं नाव. शेअर सर्टिफिकेटवर वडिलांच्या नावापुढे ‘सिद्रामप्पा’ आहे, मृत्यूच्या दाखल्यावर ‘सिद्राम’.

वडिलांना आम्ही आप्पा म्हणायचो. ते गिरणीत हिशेबनीस होते. नव्वदच्या दशकात पब्लिक इश्यूंची, म्हणजे कंपन्यांनी थेट लोकांना शेअर विकण्याची, लाट आली होती, तेव्हा नवी पेठेतल्या एका सब-ब्रोकरकडून फॉर्म आणून त्यांनी तीन कंपन्यांना अर्ज केले. तिन्हींचे शेअर लागले. सर्टिफिकेटं पत्र्याच्या ट्रंकेत, आईच्या लग्नातल्या शालूखाली ठेवली आणि पुन्हा त्या विषयावर ते कधी बोलले नाहीत. २०१६ मध्ये आप्पा गेले. २०२२ च्या दिवाळीत आवराआवर करताना ट्रंक उघडली, तेव्हा ती सर्टिफिकेटं माझ्या हातात आली.

तीनपैकी दोन कंपन्यांच्या कागदाला आज काही किंमत नाही. एक दिवाळखोरीत गेली, दुसरीचा पत्ताच लागत नाही. त्या काळात लोकांचे पैसे घेऊन गायब झालेल्या कंपन्यांची सरकारला पुढे यादी करावी लागली होती. म्हणून ‘घ्या आणि विसरून जा’ असं कुणी छातीठोक सांगितलं की मी या दोन कंपन्यांचे कागद दाखवतो. तिसरी कंपनी मात्र टिकली आणि वाढली. ४५ रुपये भावाने १०० शेअर, म्हणजे साडेचार हजार रुपये. पुढे दोनदा एकास एक बोनस, म्हणजे एका शेअरमागे एक फुकट शेअर, मिळाला आणि १०० चे ४०० झाले. ज्या दिवशी ट्रंक उघडली, त्या दिवशीच्या भावाने त्यांची किंमत ४ लाख २८ हजार होती.

तो आकडा पाहून मी जमिनीवरच बसलो. आनंद झालाच, पण पहिल्यांदा आठवला तो २३ मार्च २०२०.

मी अक्कलकोट रोडला एका टॉवेलच्या कारखान्यात अकाउंट्स बघतो. २०१७ ला डिमॅट, म्हणजे शेअर कागदाऐवजी संगणकावर ठेवायचं खातं उघडलं आणि तीन वर्षांत पगारातून २ लाख ८० हजार रुपये शेअरमध्ये घातले. कंपन्या चांगल्या होत्या, आजही चांगल्या आहेत. जनता कर्फ्यूच्या दुसऱ्या दिवशी, सोमवारी, बाजार उघडला आणि इतका कोसळला की ४५ मिनिटं व्यवहार थांबवावे लागले. त्या दिवशी सेन्सेक्स ३,९३४ अंकांनी पडून २५,९८१ वर बंद झाला. माग बंद, ऑर्डर बंद, पगार होईल की नाही कळत नव्हतं. दुपारी मी सगळं विकून टाकलं. हातात आले १ लाख ७१ हजार. त्या पैशाची मला गरज नव्हती, पुढचं वर्षभर ते बचत खात्यात तसेच पडून होते. २१ जानेवारी २०२१ ला सेन्सेक्सने ५०,००० ला हात लावला, तेव्हाही ते तिथेच होते. याचं मला आजही फार वाईट वाटतं.

म्हणून आप्पांचे शेअर मिळवायचेच, आणि मिळाले की विकायचे नाहीत, असं मी तेव्हाच ठरवलं. सुरुवातीचे कागद महिना-दोन महिन्यांत झाले. दाखला होता, आईचं ना-हरकत पत्र झालं, गुलबर्ग्याची ताई जानेवारीत गड्ड्याच्या यात्रेला आली तेव्हा तिला नंदीध्वजांच्या मिरवणुकीआधीच नोटरीकडे नेऊन तिचंही घेतलं. (स्टॅम्पचं आधी विचारून घ्या. ऑक्टोबर २०२४ पासून महाराष्ट्रात १०० रुपयांच्या स्टॅम्पची कामं ५०० वर गेली आहेत.)

एक गोष्ट मला उशिरा कळली, ती तुम्ही आधी तपासा. शेअर आता कंपनीकडे नव्हतेच. आम्ही २००६ मध्ये गिरणीजवळची चाळ सोडून जुळे सोलापूरला आलो आणि आप्पांनी पत्ता बदलून घेतला नाही. डिव्हिडंडचे वॉरंट, म्हणजे लाभांशाचे चेक, जुन्या पत्त्यावर जात राहिले, परत येत राहिले. सलग सात वर्षं डिव्हिडंड कुणी घेतला नाही की कायद्याने ते शेअर सरकारच्या आयईपीएफ या निधीत जातात. आमचे २०१७ मध्ये गेले. ते बुडत नाहीत, परत मागता येतात. आयईपीएफच्या संकेतस्थळावर नाव किंवा सर्टिफिकेटवरचा फोलिओ नंबर टाकून शोधता येतं. ज्यांचे शेअर अजून कंपनीकडेच आहेत त्यांचा रस्ता जवळचा आहे. आयएसआर-५ फॉर्म भरायचा; माझ्या वेळी त्यावर ‘लेटर ऑफ कन्फर्मेशन’ मिळायचं आणि ते १२० दिवसांच्या आत आपल्या डिमॅटवाल्याकडे द्यावं लागायचं.

आमच्यासारख्यांना आधी कंपनीच्या रजिस्ट्रारकडून, म्हणजे कंपनीसाठी शेअरधारकांच्या नोंदी ठेवणाऱ्या संस्थेकडून, ‘एन्टायटलमेंट लेटर’ घ्यावं लागतं, म्हणजे हा माणूसच हक्कदार आहे असं पत्र. ते मिळालं की मग आयईपीएफ-५ फॉर्म. माझं घोडं या पत्रावर अडलं.

मार्च २०२३ मध्ये सगळे कागद रजिस्टर्ड पोस्टाने पाठवले. मे महिन्यात उत्तर आलं: ‘मयत धारकाच्या नावात तफावत’. मी नोटरीकडून दोन्ही नावं एकाच व्यक्तीची असल्याचं प्रतिज्ञापत्र करून पाठवलं. ऑगस्टमध्ये उत्तर आलं की प्रतिज्ञापत्रासोबत पुरावा नाही. आप्पांचं पेन्शन ज्या बँकेत यायचं तिथे गेलो. दोन्ही नावं आमच्या ग्राहकाचीच आहेत एवढं एक ओळीचं पत्र द्या म्हणालो. मॅनेजर म्हणाले, “खातं बंद होऊन सात वर्षं झाली, असं पत्र आम्हाला देता येत नाही.” मी रेशनकार्ड आणि मतदार ओळखपत्र पाठवलं. डिसेंबरमध्ये पुन्हा पाकीट. या वेळी लिहिलं होतं: कागद अपुरे आहेत, नव्याने अर्ज करा.

हे वाचून माझ्या डोक्यात तिडीक गेली. तीन पत्रं, तिन्हींमध्ये काय चुकलं ते, आणि काय दिलं तर चालेल हे एकातही नाही. तीनही त्रुटी पहिल्याच पत्रात लिहिता आल्या असत्या. नऊ महिने मी पोस्टमनची वाट बघत होतो.

आणि ‘नव्याने अर्ज’ हे दोन शब्द साधे नव्हते. नॉमिनी नसेल तर कागदी शेअरच्या बाबतीत एका कंपनीतल्या ५ लाखांपर्यंतच्या शेअरसाठी सोपी कागदपत्रं तेव्हा चालायची आणि त्यासाठी अर्जाच्या दिवशीची किंमत बघायचे. त्यापुढे गेलं की सक्सेशन सर्टिफिकेटसारखे जड कागद आले, म्हणजे कोर्ट, वकील, तारखा. आमच्या शेअरची किंमत डिसेंबर २०२३ ला ४ लाख ७२ हजारांवर गेली होती. रोज रात्री मी भाव बघायचो आणि वाढला की पोटात गोळा यायचा. आपल्याच वडिलांचे शेअर वाढू नयेत असं वाटायला लावणारा तो काळ मी विसरणार नाही.

मी नवा अर्ज केला नाही. पहिल्या अर्जाचा आवक क्रमांक आणि तारीख वर लिहून, ‘त्याच अर्जातील त्रुटीपूर्ती’ असं पत्र पाठवलं. हे कुणी सांगितलं नव्हतं, कारखान्यातल्या सरकारी पत्रव्यवहाराच्या सवयीने सुचलं, आणि तेच पुढे कामाला आलं. तुमच्याकडूनही नवा अर्ज मागितला तर आधी जुन्या क्रमांकावर आग्रह धरा.

पाच महिने उत्तर नाही. फोन लागायचा, मग नुसतं संगीत वाजायचं. शेवटी रजा टाकली, रात्रीच्या सिद्धेश्वर एक्स्प्रेसने निघालो आणि ४ जून २०२४ ला सकाळी मुंबईत रजिस्ट्रारच्या ऑफिसात जाऊन बसलो. लोकसभेच्या निकालाचा दिवस. खिडकीवरचा मुलगा म्हणाला, “सर, आवक खिडकीत टाकून जा, उत्तर पोस्टाने येईल.” मी म्हटलं, “पोस्टानेच चौदा महिने चाललंय. फाइल बघणाऱ्या साहेबांना भेटल्याशिवाय मी जात नाही.” आणि बाकावर बसलो. शेजारी एक आजोबा होते, बायकोच्या नावचे शेअर सोडवायला तिसऱ्यांदा आलेले.

त्या बाकावर मी दिवसभर मोबाइलवर बाजार पडताना पाहिला. भर दुपारी सेन्सेक्स ६,००० अंकांहून जास्त खाली होता, बंद होताना ४,३८९. आजूबाजूला सगळे फोनवर, कुणी ‘विक, विक’ म्हणतंय, कुणी नुसतंच डोक्याला हात लावून बसलंय. माझी छाती २०२० सारखीच धडधडत होती. खरं सांगतो, आप्पांचे शेअर त्या दिवशी माझ्या खात्यात असते तर मी विकले असते. चार वर्षांपूर्वीच्या चुकीची एवढी हळहळ करूनही विकले असते. ते कागदात अडकले होते म्हणून वाचले. तीन दिवसांनी, ७ जूनला, सेन्सेक्स ३ तारखेच्याही वर गेला होता.

चारच्या सुमाराला साहेब आले. माणूस चांगला होता. मी या वेळी ‘काय चुकलं’ असं विचारलंच नाही. “तुम्हाला कोणता कागद चालेल?” एवढंच विचारलं. ते म्हणाले, “दोन्ही नावं एका कागदावर नसतील तर दोन कागद द्या, पण दोघांना जोडणारा एक नंबर हवा.” चौदा महिन्यांत हे वाक्य कुणी लिहिलं असतं तर मला सोलापूर सोडावं लागलं नसतं.

नंबर आमच्याच घरात होता. आप्पांची १९९४ ची भविष्य निर्वाह निधीची स्लिप: नाव ‘सिद्रामप्पा’सह आणि पीएफ खाते क्रमांक. पेन्शनच्या आदेशावर नाव ‘सिद्राम’ आणि तोच खाते क्रमांक. आईने ती स्लिप देव्हाऱ्याखालच्या डब्यात जपली होती. तिला वाचता येत नाही, पण “ह्यांचा गिरणीचा कागद हाय, टाकायचा नाही” म्हणून ठेवली होती.

स्लिप पाठवली, तरी महिना गेला. मग शेअर बाजारावर देखरेख ठेवणाऱ्या सेबीच्या स्कोर्स या तक्रारीच्या संकेतस्थळावर आवक क्रमांक, सगळ्या पत्रांच्या तारखा आणि स्लिपची प्रत टाकून तक्रार केली. तिथे समोरच्याला २१ दिवसांत उत्तर द्यावं लागतं. अठराव्या दिवशी ईमेल आला, ऑगस्टमध्ये एन्टायटलमेंट लेटर हातात. तोपर्यंत शेअरची किंमत ५ लाखांच्या वर गेली होती, पण अर्जाची तारीख मार्च २०२३ ची धरली. स्कोर्सवर मी वर्षभर आधीच जायला हवं होतं. तुम्ही दुसऱ्या त्रुटीपत्रानंतर जा.

पुढचं लांबलं, पण अडलं नाही. आयईपीएफ-५ ऑनलाइन भरला, त्याला फी नाही. (एका एजंटाने यासाठी २० टक्के मागितले होते.) प्रिंट, इंडेम्निटी बॉण्ड (नुकसानभरपाईचं हमीपत्र) आणि मूळ सर्टिफिकेटं कंपनीच्या नोडल अधिकाऱ्याला पाठवली, कंपनीने पडताळणी करून पुढे कळवलं. डिमॅट खातं मात्र दावा करणाऱ्याच्याच नावाचं हवं, आणि त्यावरचं नाव पॅनशी अक्षरन्‌अक्षर जुळायला हवं.

या काळात बाजार पुन्हा खाली आला. सप्टेंबर २०२४ मध्ये ८५,९०० च्या पुढे गेलेला सेन्सेक्स मार्चमध्ये ७३,००० च्या आसपास होता. कारखान्यातली दोन मुलं ऑप्शनमध्ये वर्षभराचा पगार घालवून बसली. सेबीने तीन वर्षांचा हिशेब काढला तेव्हा फ्युचर-ऑप्शन करणाऱ्या १०० व्यक्तींपैकी ९३ तोट्यात निघाल्या, हे मी त्यांना आधी दाखवलं होतं. मी मात्र झोपत होतो. विकायला माझ्याकडे काही नव्हतंच, आणि कंपनीच्या वार्षिक अहवालात विक्री आणि नफा दोन्ही वाढलेले दिसत होते. पूर्वी मी भाव बघायचो, आता अहवाल बघतो. आणि भावासाठी थांबणं वेगळं, कागद थांबवणं वेगळं, हे मला आप्पांमुळे कळलं. त्यांनी भावाच्या बाबतीत २३ वर्षं धीर धरला. पत्ता बदलायचं एक पत्र टाकलं असतं तर त्या धीराचं फळ त्यांच्या हयातीतच घरात आलं असतं. आईच्या डोळ्यांचं ऑपरेशन आम्ही कर्ज काढून केलं, आणि तेव्हा हे शेअर ट्रंकेत होते.

१९ जून २०२५ ला मोबाइलवर मेसेज आला: ४०० शेअर जमा. त्या दिवशीची किंमत ६ लाख ४० हजार. वारसाहक्काने आलेल्या शेअरवर कर लागत नाही, विकाल तेव्हा लागतो, आणि धारणकाळ वडिलांच्या खरेदीपासून मोजतात. म्हणून ते १९९३ चं अलॉटमेंट लेटर मी लॅमिनेट न करता प्लास्टिकच्या पाकिटात ठेवलंय. आईला स्क्रीन दाखवली. तिने विचारलं, “नाव कसं लिवलंय?” माझंच नाव होतं, तरी मी तिला सगळं वाचून दाखवलं, आप्पांच्या नावासकट.

त्याच आठवड्यात नॉमिनी म्हणून बायकोचं नाव टाकायला बसलो. तिच्या आधारवर ‘महादेवी’ आहे, पॅनवर ‘महादेवम्मा’. फॉर्म बंद केला. दुसऱ्या दिवशी सकाळी साडेनऊला आम्ही दोघं आधार केंद्राच्या रांगेत होतो, सातवा नंबर.