लागला नाही, सर

सदाशिव पेठेतल्या आमच्या वाड्यात क्रिकेटचे नियम फार कडक. एक टप्पा आउट. घरमालकांच्या खिडकीला लागला तर आउट, शिवाय बॉल मागायला त्यानेच वर जायचं. मला मात्र यातला एकही नियम लागू नव्हता. मी कच्चं लिंबू. तीनदा दांडी उडाली तरी बॅट माझ्याच हातात.

कच्चं लिंबू करतात ते चार-पाच वर्षांच्या शेंबड्या भावंडांना. मी दहा वर्षांचा होतो आणि पळायला कुणाच्या बापाला ऐकत नव्हतो. पण माझा वरचा ओठ जन्मतः दुभंगलेला. तिसऱ्या महिन्यात ओठ शिवला, दीड वर्षाचा झाल्यावर टाळू शिवली, तरी व्रण राहिला आणि नाक एका बाजूला बसकंच राहिलं. बोलताना हवा नाकातून निसटायची, त्यामुळे मी ‘पोपट’ म्हणालो की लोकांना ‘मोमट’ ऐकू यायचं. वाड्यातल्या आयांनी पोरांना दम भरला होता, त्याला त्रास द्यायचा नाही. पोरांनी त्याचा अर्थ ‘आउट द्यायचं नाही’ असा घेतला.

चिडवणाऱ्यांचं मला एवढं वाटायचं नाही. चिडवणाऱ्याला शिवी तरी घालता येते. ‘असू दे रे, खेळू दे त्याला’ म्हणणाऱ्याला काय घालणार?

सातवीत असताना शाळेत पीटीच्या सरांनी एक नवीन खेळ आणला. आम्ही त्याला बेसबॉल म्हणायचो. खरं तर तो त्याचा धाकटा भाऊ सॉफ्टबॉल, पण नावातला सॉफ्टपणा बॉलमध्ये अजिबात नव्हता. चांगला बारा इंच घेराचा दणकट गोळा. मैदानावर फक्कीने चौकोन आखायचा, साठ-साठ फुटांवर बेस मांडायचे. मारायला गेलेला बॉल हुकला की स्ट्राइक, तीन स्ट्राइक झाले की आउट. मला खेळ आवडला, कारण तो कुणालाच नीट येत नव्हता. सगळेच कच्चे लिंबू.

मग दुसऱ्या एका शाळेबरोबर मॅच झाली. शेवटची इनिंग, आम्ही एका रनने मागे, दोन आउट, आमचा एक गडी तिसऱ्या बेसवर. बॅटिंगला मी, दोन स्ट्राइक झालेले. पुढचा बॉल थेट तोंडावर आला. मी अंग टाकलं आणि फक्कीत तोंड घालून पडलो. उठतो तर अंपायर धावत आलेले. त्यांनी माझ्या ओठाकडे पाहिलं आणि त्यांचा चेहराच उतरला. “अरे अरे, पाणी आणा कुणीतरी!” बॅटरला बॉल लागला की पहिला बेस फुकट मिळतो. त्यांनी मला तिकडे जायची खूण केली.

बॉल मला शिवलासुद्धा नव्हता. हे दोघांनाच ठाऊक होतं, मला आणि त्यांच्या कॅचरला. मी कॅचरकडे पाहिलं. बॉल त्याच्या ग्लोव्हमध्ये, तोंड उघडायचा अवकाश होता. पण तो माझ्या ओठाकडे बघत गप्प उभा. म्हणजे समोरच्या टीमनेही मला लिंबू करून टाकलं होतं!

मी दहा-बारा पावलं गेलो आणि परत फिरलो. “लागला नाही, सर.” त्यांना कळलंच नाही. दुसऱ्यांदा ओरडलो तेव्हा अख्ख्या मैदानाला कळलं.

“मग हे ओठाला?”

“ते जन्मापासूनच आहे.”

अंपायर इतके ओशाळले की मलाच त्यांची दया आली. पुढचा बॉल मी डोळे मिटून, जीव खाऊन मारला. म्हणजे हवेत मारला. अंपायरांनी मूठ आवळली. आउट. टीममधल्या पोरांनी आठवडाभर मला हरिश्चंद्र म्हणून छळलं. आउट दिल्याचा एवढा आनंद मला परत कधी झाला नाही.

सरांनी दुसऱ्या दिवशी प्रार्थनेला पुढे बोलावून प्रामाणिकपणाबद्दल टाळ्या वाजवल्या. मी घेतल्या. प्रामाणिकपणा कसला, निव्वळ माज होता तो. ओठाच्या भांडवलावर मिळालेला बेस मला नको होता, एवढंच. कारण त्याच सहामाहीत संस्कृतच्या तोंडी परीक्षेला मी एकही श्लोक पाठ न करता गेलो, नाकातल्या नाकात दोन मिनिटं गुणगुणलो आणि बाईंनी डोळे ओले करून पैकीच्या पैकी दिले. तिथे नाही मी म्हणालो, ‘बाई, पाठ नाही.’

सगळ्यात जुना हिशेब आईचा होता. माझा जन्म जुलै १९८०चा. त्याच वर्षी १६ फेब्रुवारीला, शनिवारी, मोठं सूर्यग्रहण झालं होतं आणि आजीचं ठाम मत होतं की सुनेने ग्रहण पाळलं नाही, काहीतरी चिरलं, म्हणून पोराचा ओठ चिरला. आई म्हणायची, मी सुरीला हातही लावला नाही. आजी गेली तरी आईचं उत्तर तेच.

कॉलेजात असताना कुठेतरी वाचलं की बाळाचा वरचा ओठ पोटात सातव्या आठवड्याच्या आसपास जुळून जातो. साधारण सातशे बाळांमागे एकाचा जुळत नाही. मी बोटांवर मोजलं. माझा जुळायचा राहिला तो डिसेंबरच्या आतबाहेर. ग्रहण लागलं तेव्हा जे व्हायचं ते होऊन दोन महिने उलटले होते. घरी येऊन आईला सगळं कागदावर मांडून दाखवलं.

तिने चष्मा लावून दोनदा पाहिलं. मग कागदाची घडी घालत म्हणाली, “म्हणजे तो पेरू मी उगाच टाकून दिला.”

“कुठला पेरू?”

“चिरलेला,” आई म्हणाली आणि कुकर लावायला उठली.