चमचा लॉग, आठवडा १४: वाकतोय, पण आता वेगळाच प्रॉब्लेम

तर मंडळी, मागच्या लॉगनंतर बरेच दिवस गायब होतो, ऑफिसचं क्वार्टर एंड आणि त्याला लागूनच गणपती, पण चमचा वाकवायच्या जादूची प्रॅक्टिस बंद नव्हती. आधी स्कोअर सांगतो. आत्तापर्यंत ६३ चमचे, त्यातले ९ मानेत तुटले, आणि दोन घरच्या सेटमधले होते हे आईला कळलंय त्यामुळे ती आता रात्री भांडी लावताना चमचे मोजते. भांड्यांच्या दुकानदाराने परवा विचारलंच, खानावळ काढली का म्हणून.

पद्धतीबद्दल नेहमीप्रमाणे इथे काही लिहिणार नाही, ज्यांना माहितीये त्यांना माहितीये. एवढंच सांगतो की चहाचे पातळ चमचे सोडून दिलेत, ते वाकले तरी समोरच्याच्या डोळ्यात काही हलत नाही, त्याला वाटतं हे तर मीपण करेन. डेझर्टचा जरा जाड चमचा, दांड्यावर नक्षी असलेला, आणि शक्यतो त्यांच्याच घरातला, हे कॉम्बिनेशन बेस्ट आहे. आणि दुसरं म्हणजे वाकवायचं काम दीड सेकंदाचं असतं पण "वाकतोय" हे लोकांना दिसायला दीड मिनिट द्यावं लागतं, मी पहिले दोन महिने उलटं करत होतो, लगेच दाखवून मोकळा.

हे दीड मिनिटाचं गणित कुठून शिकलो तर युरी गेलरच्या, म्हणजे मनाच्या शक्तीने चमचे वाकवतो म्हणणाऱ्या त्या प्रसिद्ध माणसाच्या, जुन्या क्लिप्स बघून. इथे काहीजण लगेच नाक मुरडतील, माहितीये. पण २३ नोव्हेंबर १९७३ चा बीबीसीवरचा डेव्हिड डिंबलबीचा कार्यक्रम आवाज बंद करून बघा आणि मग आवाज चालू करून बघा. आवाज बंद केला की एक तरुण मुलगा काटा बोटाने चोळतोय, बस. आवाज चालू केला की तोच माणूस घाबरलाय, होईल की नाही त्याला खात्री नाही, अचानक एक्साइट होतो, बघा बघा म्हणतो, आणि शेजारी किंग्ज कॉलेजचे प्रोफेसर जॉन टेलर बसलेत ते पार उडालेत. हे टेलर पुढे या विषयावर पुस्तक लिहून बसले आणि मग काही वर्षांनी त्यांनी स्वतःच माघार घेतली, असो. मुद्दा हा की बोटांपेक्षा तोंडाचं काम जास्त आहे. हातचलाखी त्याच्यापेक्षा चांगली करणारे ढिगाने होते आणि आहेत, पण काटा वाकला की बघणाऱ्यांपेक्षा तोच जास्त दचकलाय असं वाटायला लावणारा दुसरा मला तरी दिसला नाही.

आणि यात सगळ्यात डेंजर गोष्ट म्हणजे फेल होणं. १ ऑगस्ट १९७३, अमेरिकन टीव्हीवरचा जॉनी कार्सनचा टुनाइट शो, पाहुणा गेलर. कार्सन स्वतः आधी जादूचे प्रयोग करायचा, त्याने जेम्स रँडीला (शक्तीवाल्यांची पोल खोलणारा जादूगार) विचारून घेतलं की काय काळजी घ्यायची, रँडी म्हणाला सामान तुमचं वापरा आणि गेलरच्या माणसांना त्याच्या जवळ फिरकू देऊ नका. झालं. वीसेक मिनिटं बिचारा टेबलासमोर बसून, आज जमत नाहीये, ताकद वाटत नाहीये, चमचे जसेच्या तसे. जादूवाल्यांना वाटलं संपला. आणि झालं उलटंच, त्याची मागणी वाढली, कारण घरी बसलेल्या माणसाचं लॉजिक साधं होतं, ट्रिक असती तर दर वेळी जमली असती ना.

हे वाचून मी हसलो होतो. मग मावसभावाच्या घरी माझंच तसं झालं. डूडल ड्युप्लिकेशन करत होतो (समोरच्याने लपवून काढलेलं चित्र न बघता तसंच काढून दाखवायचं), त्याने पाकिटात चित्र ठेवलं, आणि मला जे दिसायला पाहिजे होतं ते नीट दिसलंच नाही, ट्यूबलाइट नेमकी मागे. मी अंदाजपंचे होडी काढली, त्याने काढलेला मासा. मी मनातल्या मनात स्वतःला शिव्या घालतोय आणि मावशी म्हणते, "अगंबाई, पाणी तरी बरोबर आलं की रे तुला!" त्यानंतर जेवताना सगळे माझ्याशी वेगळ्याच आवाजात बोलायला लागले, बरोबर आलेल्या तीन चित्रांना जेवढं मिळालं नव्हतं तेवढं त्या चुकलेल्या होडीला मिळालं. मला खरं सांगू का, मजा आली. तिथेच घोळ झाला.

कारण गणपतीत सोसायटीच्या कार्यक्रमात मी ती फेल होण्याची भीती दाखवणारी पॅटर (प्रयोग करताना बोलायची वाक्यं) मुद्दाम वापरली. "जमेल की नाही माहीत नाही, आज जरा थकलोय, तुम्ही सगळे मनात वाक म्हणा", असं सगळं. चमचा तिसऱ्या मजल्यावरच्या काकूंचा, त्यांच्या हातात असताना वाकला (वाकलेला "दिसला", कळतंय ना), टाळ्या, शिट्ट्या, पोरं वेडी झाली. कार्यक्रम संपल्यावर मी खुर्च्या उचलत होतो तर काकू आल्या आणि हळूच म्हणाल्या, "आमच्या ह्यांच्या गुडघ्यावर पाच मिनिटं हात ठेवशील का रे? ऑपरेशन सांगितलंय." मी काय केलं असेल? हॅहॅ करून विषय बदलला. ट्रिक आहे काकू, एवढे तीन शब्द तोंडातून निघाले नाहीत, कारण टाळ्या अजून कानात होत्या.

तेव्हा मला कळलं की रँडीला गेलरचा एवढा राग का यायचा. आधी मी त्या भांडणाकडे धंद्यातली जळफळ म्हणून बघायचो, आणि थोडी ती होतीच, कुणी काही म्हणो. पण बघा ना, १९७२ च्या शेवटी कॅलिफोर्नियाच्या स्टॅनफर्ड रिसर्च इन्स्टिट्यूटमध्ये गेलरवर प्रयोग झाले, ऑक्टोबर १९७४ ला तिथल्या टार्ग आणि पुथॉफ या संशोधकांचा पेपर थेट नेचर या विज्ञान नियतकालिकात आला, संपादकांनी सोबत भरपूर नाराजी छापून का होईना पण आला. गंमत म्हणजे त्या पेपरमध्ये चमचे नाहीतच, धातू वाकताना पाहिला पण कडक बंदोबस्तात प्रयोग करता आला नाही असं त्यांनीच लिहिलंय. तेवढं कोण वाचतो. जादूवाल्यांचं म्हणणं होतं की शास्त्रज्ञाला फसवणं सोपं असतं, निसर्ग खोटं बोलत नाही याची त्याला सवय असते, तिथे आमच्यातला एकजण उभा करा.

आणि मग रँडीने ते करून दाखवलं, प्रोजेक्ट अल्फा. सेंट लुईसच्या वॉशिंग्टन युनिव्हर्सिटीत विमान उद्योगपती मॅकडोनेल यांच्या पाच लाख डॉलर्सवर अशा शक्ती तपासणारी एक लॅब सुरू झाली होती, तिथे १९७९ पासून दोन पोरं "शक्तीवाली" म्हणून घुसवली, स्टीव्ह शॉ आणि मायकल एडवर्ड्स, दोघं टीनएजर. १९८३ ला भांडं फुटलं. यातली मला आवडणारी गोष्ट म्हणजे रँडीची अट: कोणी सरळ विचारलं की तुम्ही ट्रिक करताय का, तर लगेच हो म्हणायचं. तो शॉ म्हणजे आपला बॅनाचेक, मेंटलिझममध्ये (मन वाचल्यासारखं दाखवायची जादू) आज त्याचं नाव घेताना लोक कानाला हात लावतात. चमचा बॅनाचेकचाही वाकतो आणि गेलरचाही, पण पहिला विचारल्यावर हो म्हणणाऱ्यातला आणि गेलर विचारणाऱ्याला कोर्टात खेचणाऱ्यातला. रँडी म्हणाला होता की असल्या ट्रिक्स पूर्वी सीरियलच्या खोक्यामागे छापून यायच्या, तर त्यावरून खटला! टिकला नाही तो भाग वेगळा. पोकेमॉनमधल्या चमचेवाल्या कादाब्रा या पात्रावरूनसुद्धा गेलरने निन्टेन्डोवर केस केली होती, २०२० मध्ये माफी मागून परवानगी दिली. त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये रँडी गेला. त्याची इच्छा म्हणे अशी की माझी राख गेलरच्या डोळ्यांत उडवा. पन्नास वर्षांचं वैर, काय बोलणार.

पण आपण सगळे गेलरचंच खातोय हेही आहेच ना. तो नसता तर चमचा वाकवणे हा आयटमच नसता, लोक माझ्याकडे येऊन "तो चमचेवाला करून दाखव" म्हणाले नसते. २००७ च्या सुमाराला त्याने एका जर्मन जादू मासिकाला सांगितलं की आता मी अलौकिक शक्तीचं काही म्हणणार नाही, मी एंटरटेनर आहे. स्वतःला मिस्टिफायर, म्हणजे लोकांना गूढात टाकणारा, म्हणवतो. इस्रायलमध्ये "वारसदार" शोधायचा शो केला, त्यात मेंटलिस्ट लिओर सुचार्ड जिंकला. म्हणजे ट्रिक आहे असंही नाही आणि नाही असंही नाही. बऱ्याच जादूवाल्यांनी तेवढ्यावर जुळवून घेतलं, काहींनी अजून नाही. मला दोन्ही पटतात आणि मला माझाच वैताग येतो.

बाबांना विचारलं तर म्हणाले, आम्ही जादूगार रघुवीरांचे प्रयोग बघितले, बाहेर पडताना कोणी गुडघा घेऊन गेलं नाही त्यांच्याकडे. आणि आपल्याकडे तर अंनिसचे कार्यकर्ते गावोगाव चमत्कार करून दाखवतात आणि लगेच फोडूनही सांगतात, २०१३ च्या कायद्यात चमत्कार दाखवून पैसे कमावण्याचं कलमच आहे. फोडून सांगणं मला जमणार नाही, तेवढा मी जादूवाला आहे, पण शक्ती नाही एवढं सांगायला काय जातं?

म्हणून गौरी-गणपतींचं विसर्जन झाल्यावर काकूंकडे गेलो. दार उघडं होतं, आणि समोर देवघरात, कुंकवाच्या करंड्याशेजारी, माझा चमचा. वाकलेला. त्याला हळदीचं बोट लावलेलं. मी तिथेच उभ्याउभ्या सांगून टाकलं, काकू ही ट्रिक आहे, मी चौदा आठवडे प्रॅक्टिस करतोय, शक्ती वगैरे काही नाही, काकांचं ऑपरेशन नीट करून घ्या. त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं, माझ्या हातावर मोदक ठेवला आणि म्हणाल्या, "असू दे रे. ज्यांना असतं ते असंच म्हणतात."

ऑपरेशनची तारीख घेतलीय पण, काकांनी सांगितलं, बरं वाटलं.

पुढच्या आठवड्याचा प्लॅन: "आज थकलोय" ही पूर्ण लाइन कट, तिच्या जागी सुरुवातीलाच "मी चमचे बिघडवायची प्रॅक्टिस करतो, आईला विचारा" ही टाकून बघतोय. रविवारी बहिणीकडे पहिली ट्राय. रिअ‍ॅक्शन कमी येईल याची तयारी ठेवलीय, किती कमी ते लिहीन. आणि हो, नक्षीवाला डेझर्ट चमचा डझनाच्या भावात पुण्यात कुठे मिळतो कोणाला माहीत असेल तर सांगा, स्टॉकमध्ये पाचच उरलेत आणि घरचे मोजलेले आहेत.