तुम्ही विचारलंत म्हणून : ती पळण्याची मासिकं आता का घेत नाही?

बेळगावच्या व्हॅक्सिन डेपोच्या आवारात सकाळी पळताना दोन-चार ओळखी झाल्या की हा प्रश्न येतोच. "काका, तुमच्याकडं ती फॉरेनची मासिकं असत्यात म्हणं. आम्ही आता हाफ मॅरेथॉनला लागलोय, कुठलं लावू सांगा की." मी सांगतो, कुठलंच लावू नका. मग पुढचा प्रश्न, "मोबाइलवर सगळं मिळायलंय म्हणून?" तसं नाही. खरं कारण घाम पुसत उभ्या उभ्या सांगण्याजोगं नाही, म्हणून इथं लिहितोय.

शहापुरात आमचा छापखाना आहे. लग्नपत्रिका, पावतीपुस्तकं, मंडळांच्या स्मरणिका, पूर्वी कधीमधी एखादा दिवाळी अंक. पळणं हौसेचं, नंबरात कधी आलो नाही. पण मासिक हातात आलं की मी ते शेवटच्या पानाकडून बघतो. फर्मे (एका तावावर एकदम छापलेली पानं) किती, आर्ट पेपर कुठं संपतो, जाहिराती कुणाच्या आणि त्या कुठल्या मजकुरासमोर बसवल्यात. ही धंद्याची खोड.

मासिकं मिळायची कॅम्पातल्या रद्दीवाल्याकडं. लष्करातल्या एखाद्या साहेबाची बदली झाली की घर रिकामं करताना गठ्ठे बाहेर पडायचे आणि किलोच्या भावानं हाती लागायचे. अमेरिकेचं रनर्स वर्ल्ड, इंग्लंडचं अ‍ॅथलेटिक्स वीकली, कधी पोहणं-सायकल-पळणं अशी सलग शर्यत करणाऱ्यांचं ट्रायथलीट. पुढं परवडायला लागल्यावर वर्गणी भरून घेतली, आणि बंद केली तीही मीच.

रनर्स वर्ल्डची सुरुवात १९६६ची. कॅन्ससमधल्या बॉब अँडरसन नावाच्या एका शाळकरी मुलानं ते काढलं, तेव्हा नाव होतं डिस्टन्स रनिंग न्यूज. अ‍ॅथलेटिक्स वीकली १९४५चं, ट्रॅक अँड फील्ड न्यूज १९४८चं, नेल्सन आडनावाच्या दोघा भावांनी काढलेलं. ही मासिकं काढणारी माणसं आधी या खेळातली होती, धंदा नंतर आला. त्यामुळं अंकात काय असायचं? शर्यती. कोण कितव्या मैलाला पुढं गेलं, कुणाला कुठं गोळा आला, हवा कशी होती. आणि शेवटी बारीक टाइपात निकाल, पानंच्या पानं. वाचकांची भांडखोर पत्रं तर मी सगळ्यात आधी वाचायचो. दक्षिण आफ्रिकेतली कॉम्रेड्स शर्यत १९२१ पासून चालते, डर्बन आणि पीटरमॅरिट्झबर्गच्या मधलं अंतर साधारण ९० किलोमीटर. शेवटचे लोक धापा टाकत येत असतात आणि १२ तास भरले की एक माणूस त्यांच्याकडं पाठ करून बंदूक झाडतो, त्यानंतर आलेल्याला पदक नाही. हे मला त्या रद्दीतून कळलं. पाठ का करायची, याचा विचार करत मी कितीदा जांबोटी रोडला पळालो असेन.

आता मुद्द्याचं. पळण्याबद्दलचा सल्ला सहा अंकांत संपतो. हळू पळा, जास्त पळा, आठवड्यातून एकदा जोरात पळा, झोपा, दुखलं तर थांबा. न्यूझीलंडच्या आर्थर लिडियार्डनं पोरांना आठवड्याला १०० मैल पळवलं आणि १९६०च्या रोम ऑलिंपिकमध्ये त्याच्या दोन शिष्यांनी, स्नेलनं ८०० मीटरला आणि हॅलबर्गनं ५,००० मीटरला, एकाच संध्याकाळी सुवर्णपदकं घेतली. तेव्हापासून मूळ गोष्टीत फार भर पडलेली नाही. पण मासिक दर महिन्याला काढावं लागतं. जुन्या संपादकांपुढं हीच अडचण होती. ते सहा अंकांनंतर माणसांकडं आणि शर्यतींकडं वळले, कारण ते कधी संपत नाही. नव्यांनी तोच सल्ला पुन्हा पुन्हा विकायला काढला. 'पाच चुका', 'सात व्यायाम', 'पोट कमी करा'. उपासाच्या दिवशी हॉटेलात तोच साबुदाणा नुसतं नाव बदलून वाढावा, तसं.

हे आळसातून झालेलं नाही, हिशेबातून झालंय. छापील अंकाला वर्गणी आणि जाहिरात असे दोन पाय होते. जाहिरातीचा पाय नेटवर गेला. निकाल संगणकावर त्याच दुपारी दिसायला लागले, मग ते छापायचं कारण उरलं नाही, आणि निकाल गेल्यावर शर्यतीला वार्ताहर पाठवायचंही कारण गेलं. उरली ती बुटांची पानं. आता लेखातल्या लिंकवरून तुम्ही बूट घेतलात की त्यातला थोडा वाटा मासिकाला मिळतो. अशा लेखाचा वाचक कायम नवशिक्या असावा लागतो, कारण नवशिक्याच बूट शोधत असतो. वीस वर्षं पळणाऱ्या माणसाचा त्यांना उपयोग काय?

मालक बदलत गेले तेही बघा. रनर्स वर्ल्ड १९८५ साली रोडेल या प्रकाशन कंपनीनं घेतलं, २०१८ मध्ये रोडेललाच हर्स्टनं घेतलं. रनिंग टाइम्स, १९७७चं, जाणत्या धावपटूंचं म्हणून नाव असलेलं, २०१६च्या सुरुवातीला छापायचं थांबलं. ट्रॅक अँड फील्ड न्यूजचा कागद २०१७ अखेर संपला. ट्रायथलीट आणि सायकलवाल्यांचं व्हेलोन्यूज आउटसाइड नावाच्या एकाच कंपनीकडं गेलं. २०२२ मध्ये तिनं माणसं कमी केली आणि बहुतेक मासिकांची छपाई आवरती घेतली. अ‍ॅथलेटिक्स वीकली नावात आठवडा ठेवून २०२०ला मासिक झालं. छापखानेवाला म्हणून मला कागद गेल्याचं वाईट वाटतंच, खरं तो माझा मुख्य राग नाही.

माझा राग बुटांच्या लेखांवर आहे. नायकेचा व्हेपरफ्लाय नावाचा बूट आला, चार टक्के चार टक्के असा गजर झाला. मूळ अभ्यास कोलोरॅडो विद्यापीठातला, २०१७चा. १८ धावपटू, सगळे १० किलोमीटर ३२ मिनिटांच्या आत पळू शकणारे. ट्रेडमिलवर ताशी १४, १६ आणि १८ किलोमीटरनं पळवून त्यांची ऊर्जा मोजली, सरासरी चार टक्के कमी लागली. पैसा नायकेचा, हे त्या निबंधात स्वच्छ छापलंय. यात लबाडी काही नाही. खरं ताशी १४ म्हणजे किलोमीटरला सव्वाचार मिनिटं. डेपोत माझ्याबरोबर पळणारे किलोमीटरला साडेसहा मिनिटं घेतात. त्यांना हा बूट किती उपयोगी, हे त्या अभ्यासावरून सांगता येत नाही, आणि नेमकं हेच वाक्य मासिकानं लिहायला हवं होतं. मी वाचलेल्या एकाही परीक्षणात ते नव्हतं. खाली लिंक मात्र होती.

जुन्या अंकांना देव्हाऱ्यात बसवा असं मी म्हणत नाही. पाण्याचंच घ्या. तहान लागायच्या आधी प्या, जमेल तितकं प्या, हा सल्ला एके काळी सगळीकडं होता. अमेरिकेतल्या क्रीडावैद्यकाच्या संघटनेचा (अमेरिकन कॉलेज ऑफ स्पोर्ट्स मेडिसिन) १९९६चा सल्लाही जवळपास तोच. २००२च्या बोस्टन मॅरेथॉनमध्ये ४८८ धावपटूंचं रक्त तपासलं, तर १३ टक्क्यांच्या रक्तातलं सोडियम, म्हणजे मीठ, प्रमाणाबाहेर उतरलेलं; जास्त पाणी प्यालं की ते असं पातळ होतं. एका तरुणीचा त्याच शर्यतीत त्यानंच जीव गेला. २००७ साली सल्ला बदलला. सल्ला देणाऱ्या पानांच्या आजूबाजूला शक्तिपेयांच्या जाहिराती असायच्याच, ते मी माझ्या खोडीनं तेव्हाही बघत होतो. म्हणजे जाहिरात आणि मजकूर यांची मैत्री जुनी आहे. तेव्हा अंकात दुसरंही काही असायचं, इतकाच फरक.

आणि आमच्याकडं खरे पळणारे कोण? खानापूर तालुक्यातली, येळ्ळूर-कंग्राळीकडची भरतीची पोरं. पहाटे अंधारात रस्त्यावर असतात, पावसाळ्यात गुडघ्यापर्यंत चिखल. त्यांना १६०० मीटर पळायचं असतं, म्हणजे जवळपास एक मैल. मैलाच्या तयारीवर जुन्या इंग्लिश अंकांत जितकं मिळतं तितकं आज कुठं मिळत नाही: ४०० मीटर किती वेळा, मध्ये विश्रांती किती, आठवड्यात कुठल्या दिवशी. त्यातलं एक पान मी मराठीत उतरवून, साध्या मॅपलिथो कागदावर छापून वाटलं होतं. एक पोरगा म्हणाला, "काका, ह्येच पायजे हुतं, बाकीचं सगळं बुटाचंच सांगत्यात." त्याच्या पायात कॅनव्हास होता. वीस हजारांच्या पुढच्या बुटाच्या लेखात त्याच्यासाठी एक ओळ नसणार, हे उघडच आहे.

तर काय वाचायचं? गोव्याच्या हाफ आयर्नमॅन ट्रायथलॉनला आपल्याकडचे लोक चोर्ला घाटातून सायकली घेऊन जातात, त्यातल्या कुणाला तरी चहाला गाठा आणि शेवटच्या पाच किलोमीटरला काय झालं ते विचारा. शर्यतींची हकिकत स्वतः लिहिणारी माणसं शोधा. पळायचा तक्ता हवा असेल तर छापखान्यात या, एका कागदावर लिहून देतो, पैसे नकोत.

आणि आपल्या बेळगावच्या पुढच्या हाफ मॅरेथॉनचा वृत्तांत तुमच्यातल्या कुणी नीट लिहून दिला तर तो मी छापतो. आठ पानं, काळी शाई, मध्ये दोन पिना. निकाल पहिल्यापासून अगदी शेवटच्यापर्यंत, सगळ्यांची नावं बारीक टाइपात. प्रूफं मी बघेन. कागदाचे पैसे तेवढे वाटून घेऊया.