रिकामा हौदा आणि चार नवे टायर

साडेचार वर्षांपूर्वी मी पिकअपला ए-टी, म्हणजे ऑल-टेरेन टायर घातले. कोणी विचारलंच तर 'कधी चिखलात जावं लागलं तर' असं सांगायचो. खरं कारण एवढंच की गाडी रांगडी दिसायची. त्या साडेचार वर्षांत चिखलात गेलो दोनदा, त्यातही एकदा रस्ता चुकून. बाकी रोज घर ते ऑफिस आणि ऑफिस ते घर, सगळा डांबरी रस्ता, हौद्यात एक दोर आणि पान्यांची पेटी.

नक्षी घासून ३ मिलिमीटरवर आली तेव्हा ठरवलं, आता गाडी जे काम खरंच करते त्याचे टायर घ्यायचे. आणि जमलं तर अ‍ॅव्हरेज वाढवायचं.

आधी थोडं वाचून घेतलं. टायर जमिनीला टेकतो तिथे चपटा होतो, पुढे सरकला की पुन्हा गोल होतो. रबर वाकताना जेवढी ताकद खातं तेवढी सरळ होताना परत देत नाही, उरलेल्याची उष्णता होते. एकदा ऑफिसला पोचल्यावर टायरच्या बाजूला हात लावून पाहिला. चांगला कोमट लागला. ते आपलंच डिझेल. ट्रेडच्या, म्हणजे रस्त्याला टेकणाऱ्या नक्षीदार थराच्या, रबरात काजळीऐवजी बऱ्याच प्रमाणात सिलिका वापरली की ही नासाडी कमी होते आणि ओल्या रस्त्यावरची पकडही फारशी जात नाही. मिशलिनने १९९२ मध्ये असा टायर बाजारात आणला, नंतर बाकीचेही त्याच वाटेने गेले.

पण फायदा किती? ढोबळ हिशोब असा, की ही नासाडी, म्हणजे टायरचा रोध, १० टक्के कमी झाला तर इंधन १ ते २ टक्के वाचतं. माझं वर्षाचं जाणं-येणं साधारण १४,५०० किलोमीटर, अ‍ॅव्हरेज १०.४. म्हणजे १,४०० लिटरच्या आसपास. त्यात ४ टक्के वाचले तर ५६ लिटर, वर्षाला पाऊण टाकीच्या आतबाहेर. वाईट नाही, पण त्यासाठी चांगले टायर काढून फेकावेत एवढंही नाही. माझे तसेही संपले होते म्हणून हा खटाटोप.

खरं घोडं अडलं ते 'एल-टी' या दोन अक्षरांवर. जुन्या टायरवर आकाराच्या आधी ती होती. लाइट ट्रक वर्गाचा टायर म्हणजे आतले थर दणकट, रबर जास्त. टायरवाल्याने त्याचाच आग्रह धरला. "साहेब, पिकअप आहे, वजनाची गाडी. एल-टीच घ्या, नंतर मला बोलू नका." माझ्याही मनात तेच होतं, फक्त मी दाराच्या चौकटीवरची पट्टी कधी नीट वाचली नव्हती. त्या दिवशी गुडघ्यावर बसून वाचली. कंपनीने दिलेला आकार २६५/७० आर १६, पुढे ११२. एल-टी कुठेच नाही!

११२ हा भाराचा निर्देशांक, म्हणजे एका टायरला १,१२० किलो. प्रवासी गाडीच्या वर्गातला टायर पिकअपला लावायचा तर त्याची भारक्षमता १.१ ने भागून धरायची, असा अमेरिकेतल्या नियमात दंडक आहे. तो इथे लावून पाहिला तर एका टायरला १,०१८ किलो, मागच्या दोघांना मिळून दोन हजारांच्या वर. माझ्या पट्टीवर मागच्या अ‍ॅक्सलची मर्यादा १,७०० किलो. म्हणजे हौदा मर्यादेपर्यंत भरला तरी हे टायर पुरतात. मी नेतो दोर आणि पान्यांची पेटी. अर्थात जो रोज खडी-सिमेंट भरतो किंवा मागे ट्रेलर ओढतो, त्याने माझं ऐकू नये, टायरवाल्याचं ऐकावं.

जुना टायर उतरवला तेव्हा किती जड आहे ते बघायची खुमखुमी आली. टायर कवटाळून घरच्या वजनकाट्यावर उभा राहिलो, तर आकडाच दिसेना, टायरच मध्ये. शेवटी मुलीने खाली वाकून वाचला. माझं वजन वजा जाता घासलेला टायर १९ किलोचा, नंतर आणलेला नवा कोरा १५. संथ एका वेगात चालताना या चार किलोंनी फार बिघडत नाही, पण माझ्या वाटेवर सिग्नल आहेत, आणि दर सिग्नलला ते चार गुणिले चार किलो फिरवायला सुरुवात करावी लागते.

मग एच-टी, म्हणजे हायवेचा टायर घ्यायचं नक्की झालं. दोन टायर शेवटपर्यंत राहिले. दोघांवर इंधनबचत आणि ओल्या रस्त्यावरची पकड सांगणारं युरोपीय लेबल होतं, ते २०१२ पासून आहे आणि मे २०२१ पासून त्यात ए ते ई अशा पाच श्रेण्या आहेत, ए सर्वांत चांगली. यात एक गफलत मी जवळजवळ केलीच होती. लेबलवर सी-१ की सी-२ असा वर्गही छापलेला असतो. सी-१ म्हणजे प्रवासी गाडीचा टायर, सी-२ हलक्या व्यापारी वाहनाचा, आणि पिकअपच्या आकारात दोन्ही मिळतात. सी-१ मध्ये 'ए' मिळायला रोधाचा गुणांक दर टनाला ६.५ किलो किंवा कमी लागतो, सी-२ मध्ये ५.५. म्हणून एका वर्गातलं अक्षर दुसऱ्याशी लावून बघण्यात अर्थ नाही. माझे दोन्ही सी-१ निघाले, सुटलो.

पहिला इंधनात ए, ओल्या रस्त्यावर सी. दुसरा दोन्हीकडे बी. मी दुसरा घेतला. रिकाम्या पिकअपचं मागचं अंग हलकं असतं. पावसात वळणावर ते सरकतं तेव्हा पोटात जो गोळा येतो तो मला ठाऊक आहे. तिथे अर्ध्या बादलीभर डिझेलसाठी सौदा करायचा नव्हता.

बसवताना चारही टायरच्या बाजूवरच्या कोडचे शेवटचे चार आकडे पाहिले, त्यातले पहिले दोन टायर बनल्याच्या आठवड्याचे आणि पुढचे दोन वर्षाचे. एक टायर बाकीच्यांपेक्षा दीड वर्षाने जुना. बदलून मागितला, तोंड वाकडं करून का होईना, बदलून दिला. हवा मात्र सरसकट ४० पौंड भरून दिली. टायरच्या अंगावर असतो तो कमाल आकडा, आपला आकडा दारावरच्या पट्टीवर. दुसऱ्या दिवशी सकाळी, टायर थंड असताना, पट्टीप्रमाणे केली. तेव्हापासून गेज दाराच्या खणातच असतो, कारण गारवा ५-६ अंशांनी वाढला की एक पौंड आपोआप उतरतो, आणि चारही टायरांत एकेक पौंड कमी म्हणजे ०.२ टक्के इंधन.

आणि मग पहिली टाकी: १०.४. जुन्या टायरांइतकंच. दुसरी १०.५. एवढा उपद्व्याप करून हाती काय, तर दशांश एक! बायको काही बोलली नाही, हे जास्त लागलं.

उलगडा झाला तो ट्रिप मीटरमुळे. घर-ऑफिस-घर रोज ५८.४ दाखवायचा, आकडा पाठ होता. आता ५७.५ दाखवत होता. रस्ता तर तोच. मीटर मोजतो चाकाचे फेरे. नक्षी घासली की टायर लहान होतो, तेवढ्याच अंतराला फेरे जास्त लागतात आणि मीटर फुगवून सांगतो. माझ्या टायरचा व्यास ७७७ मिलिमीटरच्या आसपास. नक्षी ३ वरून ९ वर गेली म्हणजे व्यासात १२ मिलिमीटरची भर, दीड टक्का. हिशोब बरोबर जुळला. जुनं १०.४ हे नव्या मापाने १०.२४ होतं.

शिवाय घासलेल्या टायरमध्ये वाकायला रबरच कमी उरतं, त्यामुळे त्याचा रोध सर्वांत कमी असतो तो अगदी शेवटी. मी मरायला टेकलेल्या टायरच्या उत्तम दिवसांशी कोऱ्या टायरच्या सर्वांत वाईट दिवसांची तुलना करत होतो. पुढच्या पाच टाक्यांची सरासरी १०.७ आली, म्हणजे साडेचार टक्के. त्यातलं थोडं श्रेय हवामानालाही आहे, कारण मधल्या काळात थंडी सरली होती आणि थंडीत गाडी जास्तच पिते. पुढच्या थंडीत पुन्हा मोजेन.

स्टेपनी तेवढी राहिली. ती जुन्यातलीच, एल-टी, कधी न वापरलेली, नक्षी पूर्ण. व्यास बाकीच्यांशी जुळत नाही, तेव्हा लावायची वेळ आलीच तर फोर-व्हील ड्राइव्ह बंद ठेवायचा आणि हळूहळू पंक्चरवाल्यापर्यंत जायचं. तोवर ती हौद्याखाली लटकतेय. मागून येणाऱ्याला तिची जाडजूड नक्षी दिसते, आणि गाडी चिखलातली वाटते.