शिकागोतली ‘कमवा आणि शिका’

आमच्या ऑफिसात दर मंगळवारी नववीतली एक मुलगी कामाला येते. अंगात ब्लेझर, गळ्यात ओळखपत्र. सकाळी टपाल वाटते, मग दुपारपर्यंत जुन्या फायलींच्या टाचण्या काढत स्कॅनरपाशी उभी. पहिल्यांदा पाहिलं तेव्हा वाटलं, कुणा साहेबाची लेक सुट्टीत आली असेल. चौकशी केली तर कळलं, हा तिच्या शाळेचाच भाग!

शाळेचं नाव क्रिस्तो रे, म्हणजे ख्रिस्त राजा. पिल्सन ही इथली मेक्सिकन वस्ती (नाव मात्र आधी राहून गेलेल्या चेक लोकांचं). तिथे जेझुइट पाद्रींनी १९९६ मध्ये हे हायस्कूल काढलं. पहिले प्रमुख फादर जॉन फोली, आयुष्याची कितीतरी वर्षं पेरूत काढलेले. खासगी शाळा म्हटली की फी आली, आणि वस्तीतल्या आईबापांना ती झेपणारी नव्हती. मग तोड निघाली: चार मुलांनी मिळून एक नोकरी करायची. प्रत्येकाच्या वाट्याला महिन्याला पाच दिवस, बाकीचे दिवस वर्ग. कंपनीचे पैसे मुलांच्या हातात पडत नाहीत, ते शाळेच्या खर्चाला जातात.

हे ऐकलं आणि थेट साताराच आठवला. माझे आजोबा रयतच्या बोर्डिंगात शिकले. कर्मवीरांनी १९१९ मध्ये संस्था काढली, तीही पैसा नसलेल्या घरांतल्या पोरांसाठीच. आजोबा पहाटे शेतात पाणी द्यायला दारं धरायचे आणि वर्गात डुलक्या काढायचे, असं आजी सांगायची.

इथे शिकागोत मूळ हेतू फक्त फी भागवण्याचा होता. पण काचेच्या उंच इमारतींत वावरून मुलं धीट होतात, हे नंतर लक्षात आलं. आज देशभर अशा तीसहून जास्त शाळा आहेत, आणि कॅथलिक नसलेली मुलंही तिथे शिकतात. तरी मला थोडं खटकतंच. श्रीमंताच्या पोराला फीसाठी कधी टाचण्या काढाव्या लागतात का?

गेल्या मंगळवारी स्कॅनरमध्ये कागद अडकला. मी मदतीला फोन लावेपर्यंत तिनं झाकण उघडून तो ओढून काढलासुद्धा. मग कॉफी पिता पिता मी तिला आजोबांची गोष्ट सांगितली. तिनं अगदी गंभीरपणे विचारलं, “त्यांच्यात पण चौघांत एक शेत असायचं का?”